दामाजीच्या बंदुकीचे माप

मी एक जुने पितळी माप आहे. दूध मोजायचे नव्हे, तेल मोजायचेही नव्हे, दारू मोजायचे. मित्रांनो, लगेच हसू नका. ही दारू बाटलीतली नाही, बंदुकीतली आहे. काळी, दाणेदार, कोळशाच्या भुकटीसारखी दिसणारी आणि ठिणगी लागेपर्यंत अगदी गरीब. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून आधी ही दारू ओततात आणि मग बाकीचे सगळे ठासतात. किती ओतायची, हे ठरवणारे ते मी. कमी पडली तर छर्रे बांधापलीकडे जात नाहीत. जास्त झाली तर बंदूक ज्याच्या हातात असते त्याच्यावरच उलटते. म्हणून माझ्यासारख्या बोटभर वस्तूलाही घरात मान होता. तो मान मला फार आवडायचा, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म कल्याणचा. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत चांगदेव नावाच्या कारागिराचे बंदुका दुरुस्त करायचे लहानसे दुकान होते. त्याने एक पितळी नळी कापली, घासली, एका बाजूने तिचे तोंड उघडे ठेवले आणि दुसऱ्या बाजूने आत सरकणारी दांडी बसवली. दांडी बाहेर ओढली की माझे पोट मोठे होते, आत ढकलली की लहान होते. कुशीत एक स्क्रू आहे. दांडी हव्या त्या जागी आणून तो आवळला की ती हलत नाही. चांगदेवाने मला कानस मारून, चिंचेने लख्ख करून काचेच्या कपाटात ठेवले तेव्हा मी स्वतःवरच खूश होते.

दामाजी दुकानात आला तो एकोणीसशे ऐंशीच्या आसपासचा काळ. त्याचे गाव शीळफाट्यावरून आत, डोंगराच्या पायथ्याशी. भाताचे शेत डोंगराला अगदी चिकटून, त्यामुळे दाणा भरायला लागला की रानडुकरे उतरायची आणि तयार पिकाचा चिखल करून जायची. पिकाच्या राखणीसाठी त्याच्याकडे बापाच्या वेळची बंदूक होती आणि तिचा रीतसर परवाना होता. तोवर तो दारू तळहाताच्या खळग्यात अंदाजाने घ्यायचा. पण त्या वर्षी हाताला घाम होता, दारू ओलसर झाली, बार निघालाच नाही आणि समोर डुकरांनी अर्धे शेत लोळवले. म्हणून आता माप घ्यायचे, असे ठरवून तो आला होता.

चांगदेवाने तीन मापे पुढे मांडली. एक बांबूचे, एक शिंगाचे आणि एक मी.

"बांबूचं पावसाळ्यात फुगतं," चांगदेव म्हणाला. "शिंगाचं टिकतं, पण एकदा कापलं की कापलं, मग त्यात बदल नाही. हे पितळेचं घ्या. तुमच्या बंदुकीला जसं मानवेल तसं लावून घेता येईल."

दामाजीने मला उचलले, दांडी आतबाहेर केली आणि तोंड वाकडे केले. "यो सरकतंय."

"सरकणारच. त्यासाठीच तर घ्यायचं."

"जे माझ्या हातानं सरकतंय ते दुसऱ्याच्या हातानंबी सरकंल."

"स्क्रू आहे की त्याला."

"इस्क्रू उलटाबी फिरतंय."

चांगदेव हसला. "मग वरून लाख लावा आणि आपला अंगठा दाबा. स्वतःच्या अंगठ्यावर तरी विश्वास आहे ना तुमचा?"

हे दामाजीला पटले. मला कमरेच्या कनवटीला लावून तो घरी घेऊन गेला.

मित्रांनो, माप विकत आणले म्हणजे काम झाले असे नाही. प्रत्येक बंदुकीची भूक वेगळी असते आणि ती तिच्याकडूनच समजून घ्यावी लागते. भात कापून शेते मोकळी झाल्यावर दामाजी आणि त्याचा मोठा मुलगा परशुराम मला घेऊन रोज दुपारी शेतात जायचे. परशुरामला तेव्हा नुकत्या मिशा फुटल्या होत्या आणि तो त्या सारख्या चाचपायचा. नळीच्या पुढे जमिनीवर दामाजी आपले जुने पांढरे धोतर अंथरायचा. लांब, बांधावर, तेलाच्या डब्याचा पत्रा उभा करायचा. बार काढला की परशुरामने पत्र्याकडे धावायचे आणि दामाजीने धोतराकडे वाकायचे. पत्र्याला छर्रे कुठे लागले ते मुलगा ओरडून सांगायचा. धोतरावर न जळलेले काळे दाणे पडलेत का, ते बाप बोटाने टिपून बघायचा. दाणे दिसले म्हणजे दारू जास्त, दांडी आत. पत्र्याला नुसते पोचे आले म्हणजे कमी, दांडी बाहेर. केसाएवढे आत, केसाएवढे बाहेर. परशुराम कंटाळायचा, दामाजी कंटाळायचा नाही आणि मी तर मुळीच नाही. एके दिवशी धोतर स्वच्छ राहिले, पत्र्याला आरपार भोके पडली आणि बंदुकीने दामाजीच्या खांद्याला, लेकराने डोके टेकवावे, तेवढाच धक्का दिला. दामाजी मातीत बसून समाधानाने हसला. मला त्या क्षणी काय वाटले ते कसे सांगू? मी बरोबर झाले होते.

त्याने स्क्रू असा आवळला की स्क्रूच्या टोकाने दांडीवर बारीकसा खळगा पडला. परशुराम म्हणाला, "बाबा, बाहेरून एक रेघ मारून ठेवू, खूण राहील." दामाजी म्हणाला, "खूण केली की लोक खुणेच्या म्होरं जातात." घरी आल्यावर त्याने चिमणीवर लाख वितळवून स्क्रूवर थापली आणि गरम असतानाच अंगठा दाबला. मग मला बंदुकीशेजारच्या खुंटीला टांगले.

पुढची वर्षे माझ्या सुखाची होती. दसऱ्याला भागीरथी, म्हणजे दामाजीची बायको, बंदुकीला हळदकुंकू लावायची आणि उरलेले बोट मला पुसायची. झेंडूची एक पाकळी माझ्या तोंडात ठेवायची. शेजारचा कुणी मला उसने मागायला आला की दामाजी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवायचा. "माप काय सुईदोरा हाय, मांगायला आयलास?" तो शेतातल्या राखणीच्या उंच माळ्यावर बसायचा, संध्याकाळी एखादा बार काढायचा, डुकरे डोंगराकडे पळायची आणि भात घरात यायचे. सगळे काही ठीक चालले होते.

मग देवरामचे लग्न आले. देवराम हा परशुरामचा धाकटा भाऊ. मे महिना होता. लग्न मुलीच्या गावी लागले आणि वऱ्हाड नवरी घेऊन परत निघाले. आमच्याकडे नवरी वेशीवर आली की बंदुकीचा एक बार काढायची रीत होती. छर्रे न भरता, नुसत्या दारूचा, आनंदाचा बार. एरवी तो मान दामाजीचा. पण त्या दिवशी तो म्हातारी माणसे आणि भांडीकुंडी घेऊन मागच्या टेम्पोत बसला होता. परशुरामला त्याने सांगितले होते, "नवरीला ताटकळत नको ठेवूस. बार तूच काढ."

परशुरामने मला भरले, बार काढला. आवाज झाला, धूर झाला, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणी गात राहिल्या. सगळे नेहमीसारखे झाले असते, पण तिथे गुरुदत्त उभा होता. गुरुदत्त म्हणजे घरचा जावई, परशुरामच्या मोठ्या बहिणीचा, मालूचा नवरा. घोडबंदर रोडच्या बाजूचा, ठाण्याला कंपनीत कामाला, डोळ्यांवर गॉगल.

"बस, एवढाच?" तो म्हणाला. "अरे परशुराम, आमच्याकडे बार काढला ना, मंडपातली पोरं रडायला लागतात. ही तर लवंगी झाली यार!"

"बाबांनी एवढंच माप लावलंय, भावोजी."

"मग वाढव ना. स्क्रू दिसतोय की त्याला. का बाबांना विचारायला टेम्पोकडे जाऊ?"

पाहुणे हसले. नव्या नवरीच्या भावांनीही दात काढले. परशुराम तेव्हा दोन मुलांचा बाप होता, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. जावयाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि सोयऱ्यांसमोर "बापाला विचारावं लागेल" असे म्हणणे त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले असते. त्याने नखाने लाख खरवडली. स्क्रू सैल केला, दांडी थोडी बाहेर ओढली आणि स्क्रू पुन्हा कचकचून आवळला. त्याच आवळण्यात दांडीवर दुसरा खळगा पडला, पहिल्याच्या अगदी शेजारी.

बार असा निघाला की झाडावरचे कावळे उडाले आणि एक पोर खरोखरच रडले. गुरुदत्तने परशुरामच्या पाठीवर थाप मारली. परशुराम हसला आणि तेवढ्यात वळणावर टेम्पोचा हॉर्न वाजला.

तो घरात धावला. फळीवरची लाख काढली, चिमणी पेटवली. बाहेर वाजंत्री वाजू लागली होती, भागीरथी त्याला हाका मारत होती. त्याने स्क्रू सैल केला, दांडी आत ढकलली, पुन्हा आवळला. स्क्रूचे टोक खळग्यात बसल्याचे त्याच्या बोटांना कळले. पण आता खळगे दोन होते. कुठल्या खळग्यात बसले, ते त्याला कळले नाही. मला कळले. दांडी नव्याच खळग्यात होती. त्याने वर लाख थापली, आपला अंगठा दाबला आणि मला खुंटीला टांगून तो बापाच्या पाया पडायला बाहेर गेला.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी चुकीचे माप आहे. बाहेरून तीच नळी, तेच पितळ, वर तशीच लाख. आतून पोट मोठे झालेले. आणि हे कुणाला सांगायची मला सोय नाही. आम्हा मापांना तोंड असते ते भरायला आणि ओतायला. रोज खुंटीवरून दामाजीला येताजाता बघायचे, दसऱ्याला हळदकुंकू लावून घ्यायचे आणि गप्प राहायचे. पितळेच्या आत कोंडून राहणे म्हणजे काय, ते मला त्या पावसाळ्यात समजले.

भात पोटरीतून बाहेर पडले, दाणा भरू लागला आणि डुकरे उतरली. दिवस मावळायच्या सुमाराला दामाजी माळ्यावर गेला. दारू साठवायच्या पोकळ शिंगातून त्याने ती माझ्यात ओतली, वरची जास्तीची बोटाने निपटून काढली आणि मी भरले. माझ्या तोंडातून ती सगळी नळीत गेली. यावेळी छर्रेही होते. बार निघाला तेव्हा दामाजी माळ्याच्या कुडाला जाऊन आपटला. बंदुकीची नळी जुनी, जाड होती म्हणून ती फुटली नाही. डुकरे पळाली. दामाजी बराच वेळ खांदा धरून बसून राहिला.

घरी त्याने सदरा काढला तेव्हा खांदा काळानिळा झाला होता. भागीरथी आंबेहळद उगाळून आणायला धावली.

"काय झालं वो? दारू जास्त पडली का काय?"

"जास्त कशी पडंल? माप हाय ना," दामाजी म्हणाला.

कोपऱ्यात परशुराम जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. मला वाटले, आता बोलेल. तो पाणी प्यायला आणि पुन्हा जेवू लागला.

काही दिवसांनी दामाजीने दुसरा बार काढला आणि तेच झाले. या वेळी त्याने फार विचार केला. मी खुंटीवरून ऐकत होते. तो भागीरथीला समजावून सांगत होता की स्वतःला, कोण जाणे. "बंदूक तीच. दारू तीच, त्याच दुकानातली. माप तर मी स्वतः लावलेलं, लाख तशीच हाय. मग बदललं कोन? मीच बदललू. खांदा गेला माझा." त्याचा हिशेब बरोबर होता, मित्रांनो. त्यातली एकच गोष्ट खोटी होती आणि ती मी होते. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणून त्याला स्वतःवर अविश्वास दाखवावा लागला. माझे पितळ त्या दिवशी वितळले असते तरी चालले असते.

एका दुपारी घरात कुणी नसताना परशुरामने मला खुंटीवरून काढले. लाखेवर नख टेकवले. फोड, फोड, असे मी मनात किती म्हटले! पण लाख फोडली तर ती कुणी फोडली हा प्रश्न येणार, आणि लग्नातली गोष्ट बाहेर येणार. शिवाय त्याला पक्के माहीत नव्हते. कदाचित दांडी बरोबर बसलीही असेल, कदाचित बाबांचे खरेच वय झाले असेल. त्याने तसे स्वतःला पटवले आणि मला परत टांगले.

पण मनातून तो घाबरला होता. बापाच्या हातात बंदूक फुटली तर? म्हणून तो म्हणू लागला, "बाबा, तुम्ही नका जाऊ आता माळ्यावर. राहू द्या." त्याला बाप वाचवायचा होता. दामाजीला मात्र त्या शब्दांत एवढेच ऐकू आले की पोरालाही आता आपण थकलेले दिसतो. तो माळ्यावर जाईनासा झाला. पडवीत बसून राहायचा. भाताचा भारा उचलायला वाकला की कुणीतरी "तुम्ही नको, तुम्ही नको" म्हणत पुढे यायचे, आणि तो निमूट बाजूला व्हायचा. साठीचा धडधाकट माणूस एका पावसाळ्यात म्हातारा झाला. त्याचे चालणेसुद्धा बदलले. नको तिथे तो भिंतीला हात लावायचा.

दिवाळी झाल्यावर तो परशुरामला म्हणाला, "परवाना तुझ्या नावावर करून घे."

"नको, बाबा. मला नको ती बंदूक."

परशुराम बंदुकीला का भीत होता, ते त्याला माहीत आणि मला माहीत. दामाजी एवढेच समजला की आपल्या मागे हिला कुणी नाही. त्याने बंदूक गोणपाटात गुंडाळली, परवाना अंगातल्या कोपरीच्या खिशात ठेवला आणि सवयीने मलाही त्याच खिशात टाकले. बंदूक सरकारजमा करायला दोघे शीळफाट्याला येऊन ठाण्याच्या एसटीत बसले.

अख्ख्या वाटेत मी दामाजीच्या छातीवर होते. त्याचे ठोके मला ऐकू येत होते. तो खिडकीतून बाहेर बघत आपल्या बापाच्या गोष्टी सांगत होता. कसा बाप एका बारात डुकरांचा कळप वळवायचा, कसा त्याचाही शेवटी हात थरथरायला लागला. "येतंच रे सगल्यांवर," तो म्हणाला. परशुराम दोनदा त्याच्याकडे वळला. दोनदा त्याने तोंड उघडले. एकदा कंडक्टर आला आणि एकदा त्याने नुसतेच विचारले, "बाबा, पाणी पाहिजे का?" मी खिशात घामेजून गेले होते. आता फक्त एकच माणूस हे थांबवू शकत होता. कचेरीत कागदावर शिक्का पडायच्या आत तो एक वाक्य बोलला असता तर दामाजी बंदूक काखेत मारून ताठ मानेने घरी आला असता.

कचेरीत रांग होती. खिडकीपाशी सुहासिनी नावाच्या बाई बसल्या होत्या. सभ्य होत्या, घाई करत नव्हत्या.

"बंदूक जमा का करताय, काका? कारण लिहावं लागतं."

"लिवा, वय झालं," दामाजी म्हणाला. "खांद्याला सोसत नाय आता."

बाईंनी परशुरामकडे बघितले. "हा मुलगा ना तुमचा? चांगला तरणा आहे. त्याच्या नावावर का करत नाही? राखणीची बंदूक आहे, शेत तर आहेच ना?"

रांगेतली माणसे परशुरामकडे बघू लागली. दामाजीही बघू लागला, आणि त्याच्या नजरेत अजून थोडी आशा होती. मी खिशात होते, मला काही दिसत नव्हते, पण छातीचे ठोके थांबल्यासारखे झाले, त्यावरून मी समजले. बोल, परशुराम. आत्ता बोल.

"नको, मॅडम," परशुराम म्हणाला. "घ्या जमा करून."

शिक्का पडला. बंदूक आत गेली. मला कुणी मागितलेच नाही. मापाची नोंद कुठल्याच कागदावर नसते.

ठाण्याच्या एसटी स्टँडवर दोघांनी चहा घेतला. दामाजीने खिशात हात घातला तर त्याच्या हाताला मी लागले. त्याने मला बाहेर काढून बाकावर ठेवले. "हे राह्यलंच," तो म्हणाला आणि हसायला गेला. त्याला हसू आले नाही. डोळ्यांत पाणी आले. बापाच्या डोळ्यांत पाणी परशुरामने कधी पाहिले नव्हते.

"बाबा," तो म्हणाला, "खांदा गेला नाही तुमचा."

दामाजीने चहाचा कप खाली ठेवला.

"देवरामच्या लग्नात मी माप वाढवलं होतं. भावोजी म्हणाले म्हणून. परत लावलं, पण बरोबर बसलं का नाही, माहीत नाही. लाख माझी आहे ती. अंगठा माझा आहे."

बाकासमोरून लोक येत-जात होते. एक बस सुटली. दामाजीने मला बाकावर एकदा फिरवून पाहिले. मग त्याने विचारले, "आत का नाय बोललास?"

"तिथं लोक होते, बाबा."

मित्रांनो, मी दारूचे माप आहे, मी पुष्कळ मोठे आवाज ऐकले आहेत. पण "तिथं लोक होते" याच्याएवढे काही मला अजून लागलेले नाही.

"लोक होते," दामाजी म्हणाला. "आनि माझ्या म्होरं लोक नव्हते? मी तीन म्हैने पडवीत बसलू. गावातली पोरं माझ्या हातातली पाटी घ्यायला लागली. तू बगत होतास."

"चला, परत जाऊ आत. सांगू, चूक झाली."

"कंच्या तोंडानं सांगू? मीच सांगून आयलू ना, खांद्याला सोसत नाय. उद्या म्हनतील, म्हातारा खुळा झाला."

त्याने मला उचलले. लाखेवर नख टेकवले. आता उघडेल, आता दिसेल. पण दामाजीने नख काढून घेतले. "उघडून काय करू? बरोबर निघालं तर माझा खांदा खराच गेला. चुकीचं निघालं तर पोरगा..." त्याने वाक्य पुरे केले नाही. मला परशुरामच्या हातात दिले. "ठेव तुझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी खळ्यावर झोडपणी होती. दामाजी सकाळीच गेला. पोरे नेहमीसारखी "तुम्ही नको" म्हणत पुढे आली, तेव्हा त्याने त्यांना हाताने बाजूला केले. सगळ्यात मोठा भारा निवडला आणि उजव्याच खांद्यावर घेतला, जो गेला असे सगळे म्हणत होते त्याच. तो भारा घेऊन तो खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, टाकला आणि परत आला, आणि पुन्हा दुसरा घेतला. थांबायला तयार होईना. भागीरथी म्हणाली, "आवं, काय अंगात आलंय आज?" फक्त परशुरामला ठाऊक होते. तो पेंढा गोळा करत होता आणि मान वर करत नव्हता. मी त्याच्या खिशात होते.

दामाजी त्यानंतर पुष्कळ वर्षे जगला. मुलाशी बोलायचाही, नातवंडांना खेळवायचा. पण ओझे उचलताना परशुराम हात पुढे करायला गेला की तो म्हणायचा, "राहू दे." तेवढे दोन शब्द शेवटपर्यंत त्यांच्यामध्ये राहिले. नव्वद सालानंतर आमच्याकडे रस्ते रुंद झाले, शेतांच्या कडेने इमारती उभ्या राहिल्या आणि डुकरे डोंगरामागे गेली. परशुराम डोंबिवलीला फ्लॅटमध्ये राहायला आला. दामाजी मात्र गावीच राहिला आणि तिथेच गेला. बंदूक कुठे गेली, मला माहीत नाही.

मी आता बटणांच्या डब्यात आहे. रिळे, हुक, एक तुटका चष्मा आणि मी. कधीतरी रविवारी परशुराम डबा उघडतो. आता त्याचेच केस पांढरे झाले आहेत. तो मला काढून खिडकीपाशी नेतो, लाखेवर अंगठा फिरवतो. लाख ठिसूळ झाली आहे, नुसती टेकवली तरी फुटेल. तो ती फोडत नाही. कारण मी बंद आहे तोवर त्याला म्हणता येते की दांडी जागेवरच असेल, बाबांचे खरेच वय झाले असेल. मला उघडले की त्याला कळणार. म्हणून तो मला पुन्हा डब्यात ठेवतो आणि झाकण लावतो. तो बाहेर अडकला आहे आणि मी आत.

मित्रांनो, तुम्हाला बोलता येते. कुणी तुमच्या चुकीचा दोष स्वतःच्या अंगाला लावून घेत असेल, तर तिथल्या तिथे बोला. समोर लोक असले तरी बोला. स्टँडवर पोहोचेपर्यंत थांबू नका, कारण तोवर शिक्का पडलेला असतो. माझ्यासारख्या मुक्या वस्तूने एवढेच सांगावे.

आणि एक विनंती माझ्यासाठी. परशुरामच्या घरी कधी गेलात तर त्याला म्हणा, फोड ती लाख. स्क्रू सैल कर आणि दांडी आत सरकव, दामाजीने ठेवली होती तिथपर्यंत. मला आता कुणी भरणार नाही, ते मला ठाऊक आहे. माझा उपयोग संपला. पण मला एकदा बरोबर व्हायचे आहे. नंतर खुशाल त्याच डब्यात ठेवा.